उन्हातले शिकारी : प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर

ठरलं एकदाचं. शिकारी किड्यांचे फोटो काढायचे, अगदी जवळून, आणि सगळे भर उन्हातले. मॅक्रो, म्हणजे असे अगदी जवळून फोटो, करणारे बहुतेक जण पहाटे निघतात, दव पडलेलं असतं, किडे गारठून काडीला धरून बसलेले असतात, उजेड मऊ असतो, फोटो सुरेख येतात. पण त्या वेळेला शिकार होत नाही. रॉबर फ्लाय (शिकारी माशी), चतुर, टायगर बीटल (पळत शिकार करणारा भुंगा) यांच्या स्नायूंना ऊब लागते, अंग तापल्याशिवाय ते कामाला लागतच नाहीत, म्हणून त्यांना गाठायचं तर अकरा ते तीन, म्हणजे नेमकं जेव्हा कुणी कॅमेरा बाहेर काढत नाही तेव्हा. आणि उन्हाची आपल्या परभणीला काय कमी. पावसाळा सरत आलाय, तूर-कापूस उभा आहे, सोयाबीन पिवळं पडायलंय, किडे भरपूर आहेत आणि ऑक्टोबर हीट दारात आलीच आहे.

फोटो कशाला तर गावच्या शाळेच्या भिंतीला आणि शेतीशाळेत लावायला. आपल्याकडं पिकावर किडा दिसला की पहिला हात फवारणीच्या पंपाकडं जातो. ढालकिडा आणि त्याची अळी मावा खाते, क्रायसोपाची (जाळीदार पंखांचा हिरवट किडा) अळी मावा-तुडतुडे खाते हे सगळं छापलेलं असतं, पण सोबतचा फोटो पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या किड्याचा असतो आणि रानात तोच किडा समोर आला तरी ओळखू येत नाही. मला तो त्याच्या जागेवर पाहिजे, जमलं तर खाताना.

सामान : जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, ५५-२५० लेन्स, तिच्या तोंडाला लावायचे रेनॉक्सचे दोन क्लोजअप अडॅप्टर (१५० आणि २५०), मित्राकडून आणलेली १०० ची मॅक्रो, एक छोटा फ्लॅश. लेन्स २५० मिलिमीटरवर ठेवून रेनॉक्स १५० लावला की किड्यापासून साधारण २० सेंटीमीटर लांब राहता येतं, रेनॉक्स २५० ला साडेबारापर्यंत जावं लागतं. क्लोजअप अडॅप्टरने उजेड घटत नाही, मॅक्रो लेन्स १:१ ला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा) नेली की घटतो, जवळजवळ दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे गणित फ्लॅश लावताना डोक्यात ठेवायचं. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे हे एक बरं, दुपारी मागची स्क्रीन दिसतच नाही, त्यासाठी डोक्यावरून घ्यायला काळा टॉवेल सोबत.

फवारणी झालेल्या रानात पाऊल टाकायचं नाही, आधी मालकाला विचारायचं. जमिनीला नाक लावून पडायचंय तासन् तास.

२९ सप्टेंबर

आखाड्याच्या (शेतातल्या गोठ्याच्या) मागं पडीक तुकडा आहे, मुरूम उघडा पडलेला, मध्येमध्ये तरवड आणि वाळलेल्या काड्या. रॉबर फ्लाय तिथंच सापडल्या, बऱ्याच. लांब निमुळती, राखाडी तपकिरी, डोळे मोठ्ठे आणि दोन डोळ्यांच्या मध्ये खाच, तोंडावर राठ केसांचा झुपका. ती काडीच्या टोकाला बसते आणि सतत डोकं वळवत वर आकाशाकडं बघत राहते, वरून काही उडत गेलं की सुटलीच, हवेतच धरते आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर नाहीतर शेजारच्या काडीवर परत येते. म्हणून माशीच्या मागं पळण्यात काही अर्थ नाही, काडी पकडायची. काडीवर फोकस लावून गोणपाटावर पालथं पडून राहायचं.

आज एक समोरच शिकार घेऊन बसली, तुडतुड्यासारखं काहीतरी होतं. ती सोंड खुपसून आत लाळ सोडते, लाळेत भक्ष्याला लुळं करणारी विषारी द्रव्यं असतात आणि आतलं मांस विरघळवणारी पण, आणि मग तो रस ओढून घेते. हे चालू असताना ती सहसा उडत नाही, तेवढ्यात जवळ जाता येतं, पण आपली सावली तिच्यावर पडली की गेलीच. सूर्य पाठीशी घेऊन जायची सवय या कामात सोडून द्यावी लागणार, बाजूने जायचं, खाली वाकून, आणि कोपर टेकवत टेकवत.

फोटो बघितले घरी. सेटिंग आयएसओ १००, शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११, भर उन्हात एक्स्पोजर बरोबर तेवढंच येतं, मीटरकडं बघायची पण गरज नाही. पण उजेड इतका कडक की पाठीवर पांढरे जळालेले ठिपके आणि छातीखाली, पायांत सगळा काळोख. डोळ्यावर सूर्याचा एक टोकदार ठिपका. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणजे उजेडाचा दिवा म्हणून बघितलं तर फारच लहान, त्यामुळं सावलीची कड सुरीने कापल्यासारखी येते.

आबा आले होते बैल बांधायला. "काय हुडकायलास रे एवढ्या उन्हात?" म्हणले. म्हणलं आबा, माशीचा फोटो काढायलो, दुसऱ्या माश्या खाणारी माशी हाय ही. टॉवेल डोक्यावर घेऊन स्क्रीनमध्ये बघितलं त्यांनी. "दाढी हाय की हिला." मग म्हणले करडईच्या फुलावरून मधमाशी उचलून नेताना बघितलीय मी हिला. ते खरं आहे, रॉबर फ्लाय मधमाश्या पण खाते, जे उडतं आणि झेपतं ते खाते. तेव्हा पोस्टरवर हिला मित्रकीटक असं सरसकट लिहायचं नाही, शिकारी एवढंच लिहायचं. दाढी कशाला असते तर भक्ष्य धडपडतं, डंख मारायला बघतं, तेव्हा तोंड वाचवायला असावी असं मानतात.

५ ऑक्टोबर

उजेड मऊ करायचा म्हणजे किडा आणि सूर्य यांच्या मध्ये काहीतरी पांढरं, अर्धपारदर्शक धरायचं. बाजारातला गोल डिफ्यूजर फार मोठा, वाऱ्याने फडफडतो, एका माणसाला आवरत नाही. बटर पेपर वाजतो. शेवटी आईच्या भरतकामाच्या लाकडी रिंगा काढल्या, त्यात आबांनी दिलेल्या जुन्या धोतराचा तुकडा ताणून बसवला. जुनं धोतर धुऊन धुऊन विरळ झालेलं असतं, त्यातून उजेड निळापिवळा होत नाही, फक्त साधारण सव्वा-दीड स्टॉप कमी होतो. एका रिंगेत एक पदर, दुसरीत दोन. मूठ म्हणून जाड तार.

नुसता आकार महत्त्वाचा नाही, किड्यापासूनचं अंतर पण तेवढंच महत्त्वाचं. हीच वीतभर रिंग किड्याच्या वर चार बोटांवर धरली तर किड्याच्या दृष्टीनं सगळं आकाशच पांढरं होतं आणि सावली जवळजवळ नाहीशी होते, तीच दोन हात वर धरली तर फारसा उपयोग नाही.

६ ऑक्टोबर

पुतण्याला रिंग धरायला घेतलं. कापसात माव्यावर ढालकिडे होते, त्यांच्या बाबतीत हे धोतर कमाल आहे. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि फुगीर, उन्हात त्यावर सूर्याचा ठिपका जळतो आणि बाकी रंग मरतो, रिंग धरली की लाल-केशरी रंग पूर्ण येतो आणि वर एक मोठा मऊ पांढरा पट्टा दिसतो, तो पट्टा पण थोडा बाजूला सरकवता येतो रिंग तिरपी करून. अळीचे पण मिळाले, काळी, केशरी ठिपक्यांची, मावा तोंडात. हा फोटो पोस्टरला नक्की. लोक याच अळीला पिकावरची कीड समजून मारतात.

मग पडीक तुकड्यावर रॉबर फ्लायकडं गेलो. रिंग वर आली की ती उठून दोन काड्या पलीकडं उन्हात जाऊन बसते. परत रिंग, परत तेच. सावलीला घाबरते म्हणावं तर पुतण्या हळू हळू आणायचा, अजिबात दचकत नव्हती, नुसती सरकायची. जे दोनचार मिळाले ते तांत्रिक दृष्ट्या स्वच्छ आहेत. तरी बघताना काहीतरी खटकतंय. जमीन मऊ, सावली नाही, असं वाटतं श्रावणात ढगाळ दिवशी काढलाय. मुरूम तापलाय, काडी तापलीय, तिथं ती माशी बसलीय, यातलं काहीच येत नाही.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला काल. आज पाझर तलाव. पाणी बऱ्यापैकी आहे, काठाला पाणकणीस आणि सुकलेल्या काटक्या, आणि काटकी-काटकीवर चतुर. आपल्याकडची लेकरं याला हेलिकॉप्टर म्हणतात. लालसर-जांभळा तो क्रिमझन मार्श ग्लायडर, पातळ लांब पायांचा पिवळट तो लाँग-लेग्ड मार्श ग्लायडर, आणि वर उंच हवेत न बसता घिरट्या घालणारे पिवळे ते वाँडरिंग ग्लायडर, हेच ते ऑक्टोबरच्या सुमाराला भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडं जाणारे. ते बसतच नाहीत, त्यांचा नाद सोडला.

बारा वाजून गेले तसं एकेक चतुर शेपूट वर करायला लागला. म्हणजे पोट, ज्याला आपण शेपूट म्हणतो ते, सरळ सूर्याच्या दिशेने. याला ओबेलिस्क पवित्रा म्हणतात. ऊन लागायची जागा कमीत कमी करायची, आडवं बसलं तर सगळ्या अंगावर ऊन, टोक सूर्याकडं केलं तर फक्त टोकावर. आणि गंमत बघा, ऑक्टोबरात सूर्य भर दुपारी पण डोक्यावर नसतो, दक्षिणेला कललेला असतो, तर यांच्या शेपट्या पण सगळ्या एकसारख्या दक्षिणेला कललेल्या. एका ओळीत चार चतुर, चारही एकाच कोनात. मी बराच वेळ नुसता बघत बसलो, फोटो काढायचं सुचलं नाही.

मग एकावर रिंग धरायला सांगितली. धोतराची सावली त्याच्यावर आली आणि थोड्या वेळात शेपूट खाली यायला लागलं. हळूहळू, पूर्ण आडवं. पुतण्याने रिंग काढली, परत वर. पुन्हा धरली, पुन्हा खाली. पुतण्या म्हणला, "काका, याला उन्हाचं बटण हाय."

तिथंच मला कळून चुकलं की या प्रकल्पात काय करायचं. ज्या गोष्टीचा फोटो काढायला मी आलो ती गोष्ट रिंग धरली की उरतच नाही. शेपूट वर आहे ते उन्हामुळं. रॉबर फ्लाय त्या काडीवर आहे ती उन्हामुळं. ऊन काढून टाकलं तर समोर राहतो तो नुसता किड्याचा आकार, तो पहाटे पण मिळतो, मेलेल्याचा पण मिळतो. म्हणून आजपासून ऊन फोटोत ठेवायचं. सावली जमिनीवर कडक पडलेली दिसली पाहिजे, ऊन कुठून येतंय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. फक्त सावलीच्या भागात इतका उजेड भरायचा की डोळा, तोंड, पाय वाचता यावेत. रिंग राहील, पण ढालकिड्यासारख्या चकचकीत पाठीच्या आणि जागचे न हलणाऱ्या किड्यांपुरती.

चतुराला बाजूने काढायचं, सेन्सर आणि त्याचं अंग समांतर ठेवून, नाहीतर डोळा फोकसमध्ये आणि शेपूट धूसर. नुसती २५० लेन्स, मीटरभर लांबून, अडॅप्टर न लावता. पूर्ण चतुर बसतो फ्रेममध्ये आणि त्याला आपला त्रास पण नाही.

१४ ऑक्टोबर

कालच्या लाल चतुरांचं एक लिहून ठेवतो. पांढऱ्या हिस्टोग्रामवर (एकूण उजेडाचा आलेख) सगळं ठीक दिसतंय पण लाल चॅनल पार उजवीकडं चिकटलाय, अंगावरच्या बारीक रेषा गेल्या, नुसता लाल रंग फासल्यासारखं. भर उन्हात लाल किडा असला की तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावून बघायचा आणि दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवायचं. रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काही परत आलं, सगळं नाही.

२० ऑक्टोबर

गंगाखेडला गेलो, गोदाकाठी. आपल्याकडं गंगाच म्हणतात सगळे. पाणी जरा ओसरलंय, काठाला ओल्या वाळूची पट्टी उघडी पडलीय आणि त्यावर टायगर बीटल.

हा किडा बघितला नसेल तर सांगतो, बोटाच्या पेराहून लहान, लांब काटकुळे पाय, पुढं कोयत्यासारखे जबडे, आणि पळतो असा की डोळ्याला फक्त एक रेघ दिसते. पळतो, थांबतो, परत पळतो. थांबतो कारण पळताना त्याचा वेग इतका असतो की त्याच्या डोळ्यांना भक्ष्य नीट दिसत नाही, थांबून परत नेम धरावा लागतो. फोटो त्या थांबण्यातच. तो थांबला की आपण हलायचं, तो पळाला की आपण गप्प, असं करत करत मी वाळूत पोटावर सरकत होतो आणि धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या.

दुपारी वाळू तापली तसे ते पाय सरळ ताणून उंच झाले, पोट जमिनीपासून जितकं लांब नेता येईल तितकं. जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम, थोडं जरी वर गेलं तरी फरक पडतो, एवढ्याशा किड्याला तर पडतोच. काहीजण ओल्या वाळूकडं सरकले. हा उंच उभा राहिलेला किडा आणि त्याच्याखाली त्याची अख्खी सावली, पायांसकट, वेगळी पडलेली, हा फोटो मला काहीही करून पाहिजे होता आणि मिळाला. आयएसओ ४००, एफ/११, १/८००. फ्लॅश नाही, काही नाही.

आणि इथं एक मोठी गोष्ट लक्षात आली. घराकडच्या काळ्या रानात काढलं की किड्याची खालची बाजू ठार काळी येते. इथं वाळूवर काहीच भरलेलं नाही तरी पोटाखालचे केस न् केस दिसतात. वाळू फिकी आहे, खालून उजेड परत फेकते. काळी माती उजेड पिऊन टाकते. सूर्य तोच, वेळ तीच, फक्त जमीन बदलली. म्हणजे काळ्या रानात मला वाळूचं काम करणारं काहीतरी पाहिजे, वरून सावली धरणारं नको, खालून उजेड देणारं पाहिजे.

टायगर बीटलच्या अळ्या याच काठाला उभ्या बिळात राहतात, डोकं बिळाच्या तोंडाशी बुचासारखं बसवून, पाठीवरच्या आकड्यांनी बिळाला धरून, जवळून मुंगी गेली की झडप. एक वर्षभर किंवा जास्त पण काढतात काही जाती तशा. वाळूचा उपसा जिथं होतो तिथं हे सगळंच ट्रॅक्टरमध्ये भरून जातं, याचं मला फार वाईट वाटतं, या किड्याची दखल कुणी घेताना दिसत नाही.

२७ ऑक्टोबर

लग्नपत्रिका. घरात ढीगभर पडलेल्या, जाड, आतून पांढऱ्याशुभ्र. मधून कापल्या, तारेवर चिकटवल्या, किड्याच्या खाली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला कोनात धरल्या की झालं. चांदीच्या वर्खाची पण करून बघितली, तिचा उजेड फार टोकदार येतो, डोळ्यात दुसरा सूर्य दिसतो, ती बाद. पांढरीच. बाहेरच्या लाल पिवळ्या बाजूने चुकून धरायची नाही, किड्याच्या पोटाला तोच रंग येतो.

पडीक तुकड्यावर परत रॉबर फ्लाय. यावेळी उलटं केलं, सूर्य तिच्या मागं आणि मी समोर, जरा बाजूला. पायावरचे काटे, दाढीचे केस, पंखाच्या कडा सगळं मागून पेटल्यासारखं उजळलं, तोंड सावलीत, आणि त्या तोंडावर पत्रिकेचा पांढरा उजेड. पार्श्वभूमीला नांगरलेलं काळं रान, लांब, तेच काळं रान जे पोटाखाली नको होतं ते पाठीमागं फार कामाला आलं. लेन्सच्या काचेवर थेट ऊन पडायला नको, हूड पुरत नाही, डाव्या हाताने टोपी धरली वर. ऊन हलवावं लागलं नाही म्हणून ती पण हलली नाही. खाऊन होईपर्यंत बसली, मग उरलेलं टरफल टाकून दिलं आणि पुढचे पाय तोंडावरून फिरवले.

फ्लॅशचं पण आज बसून बघितलं. शटर १/२०० पेक्षा जलद ठेवलं की फ्लॅश त्याच्याशी जुळत नाही, म्हणजे सिंक होत नाही, आणि १/२०० ला ऊनच इतकं असतं की फोटो उन्हाने पण बनतो आणि फ्लॅशने पण. वाऱ्याने काडी हलली की उन्हाचं चित्र फरकटतं, फ्लॅशचं चित्र स्थिर राहतं, आणि एकाच केसाच्या दोन कडा दिसतात. वारा पडलेला असला तरच १/२००, फ्लॅश दीड-दोन स्टॉप कमी, नुसता भरायला. नाहीतर हाय स्पीड सिंक (जलद शटरशी फ्लॅश जुळवायची सोय) लावून १/८००, ताकद खूप घटते पण आपण वीतभरावर असल्यामुळं पुरते, फक्त बॅटरी आणि फ्लॅश दोन्ही तापतात, मध्ये थांबत जायचं. एफ/१६ च्या पुढं जायचं नाही, फोकसची खोली जास्त मिळते पण बारकावे धूसर होतात. एफ/११ ला १:१ वर खोली जेमतेम एक मिलिमीटर, तेव्हा डोळा धरायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. ऑटोफोकस बंद, अंगच पुढंमागं हलवत भराभर फोटो (बर्स्ट).

माझं मत विचाराल तर दहापैकी आठ वेळा पत्रिका फ्लॅशपेक्षा चांगली. व्ह्यूफाइंडरमधून बघतानाच कळतं काय येणार ते.

३ नोव्हेंबर

दिवाळीत दोन दिवस गेले. आज शेजारच्या रानात कापूस वेचणी. मावशीला विचारलं, हात जोडून बसणारा लांब मानेचा किडा दिसला का, तर म्हणल्या, "त्यो बघ की बोंडावर, मगाधरनं मलाच बघायलाय." प्रार्थना कीटक, हिरवी मादी, पोट भरलेलं.

तिच्या डोळ्यातला काळा ठिपका कुठूनही बघा तुमच्याकडंच असतो, म्हणून मावशींना तसं वाटलं. तो ठिपका खरा नसतो. डोळा हजारो बारीक नळ्यांचा बनलेला, ज्या नळ्यांची तोंडं बरोबर आपल्याकडं असतात त्यांच्यात गेलेला उजेड परत येत नाही, म्हणून तेवढ्या काळ्या दिसतात, आपण हललो की दुसऱ्या. मावशींना स्क्रीनवर दोन बाजूंचे दोन फोटो दाखवले, तर वेचणीच्या सगळ्या बायका गोळा झाल्या. रात्री हेच डोळे काळपट होतात, दिवसा हिरवट. उन्हात ठिपका लहान आणि स्पष्ट दिसतो, मऊ उजेडापेक्षा चांगला.

इथं वेगळीच अडचण, फुटलेला कापूस. पांढऱ्या बोंडावर हिरवा किडा म्हणजे बोंड जळतं. पण तेच बोंड खालून उजेड भरतं, पत्रिका लागलीच नाही. एक स्टॉप कमी ठेवून काढलं, कापसाचे धागे वाचले, किडा थोडा काळवंडला तो नंतर फोटोत उजळून घेतला.

(ही ओळ नंतरची.) डिसेंबर-जानेवारीत काही लिहिण्यासारखं नव्हतं. ऊन तिरपं आणि मवाळ, रॉबर फ्लाय दिसेना.

१३ एप्रिल

परत सुरुवात. आता ऊन म्हणजे खरं ऊन, झळा लागतात, कॅमेऱ्याची काळी बॉडी हातात धरवत नाही, तिला पांढरा रुमाल गुंडाळला. बॅग गाडीवर उन्हात ठेवायची नाही, लिंबाखाली. ताक, गुळपाणी, डोक्याला ओलं उपरणं, आणि तासाभराच्या वर सलग पडून राहायचं नाही, डोकं जड झालं की त्या क्षणी सावलीत. बांधाला हात घालताना आधी काठी, घोणस असते.

आखाड्याच्या वळचणीला भुसभुशीत मातीत मुंगीसिंहाचे खड्डे, बाजूबाजूला, उलट्या शंकूसारखे. ही अळी उन्हात बसत नाही, ऊन मातीचा वरचा पापुद्रा भाजून काढतं आणि ती खाली शिरते, म्हणून हे खड्डे बहुतेक आडोशालाच. मुंगी कडेला आली की माती घसरते, अळी खालून डोक्याने मातीचे कण फेकते, मुंगी अजून घसरते आणि जबड्यात. वळचणीच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा खड्ड्याच्या एका बाजूवर येत होता, साधारण सव्वादोनला. त्याची वाट बघत बसलो. तिरपा उजेड पडला की मातीचा कण न् कण उठून दिसतो, खड्ड्याचा उतार कळतो. त्याच वेळेला मुंगी यावी असं झालं नाही. मुंगी उचलून टाकायची नाही असं ठरवलंय, आपण मारायला लावलेली शिकार या मालिकेत नको.

२० एप्रिल

कवडसा आला आणि मुंगी पण आली. १/१२५० ला हवेत उडालेले मातीचे कण थांबलेत.

१८ मे

शून्य सावलीचा दिवस कालपरवाच होऊन गेला आपल्याकडं. सव्वाबारा-वीसला सूर्य बरोबर डोक्यावर, काठी उभी केली तर सावली काठीच्या बुडातच.

जुन्या दगडी विहिरीवर गेलो. तिथं ग्रॅनाइट घोस्ट असतो, राखाडी-काळा चितकबरा चतुर, विहिरीच्या उभ्या दगडाला चिकटून बसतो आणि हलल्याशिवाय दिसत नाही. एरवी डोक्यावरचं ऊन फोटोला वाईट असं सगळे म्हणतात, ते आडव्या जमिनीसाठी खरं आहे. उभ्या भिंतीला हेच ऊन वरून घासून जातं. बेसॉल्टचा खडबडीतपणा, पंखांच्या शिरा, अंगावरचे ठिपके, सगळ्याला बारीक बारीक खाली लोंबणाऱ्या सावल्या. किडा दगडात मिसळलेला आहे आणि तरी त्याची सावली त्याला फोडून दाखवते, दोन्ही एकाच फोटोत. या उजेडाला दहाबारा मिनिटंच मिळतात.

तिथून पाझर तलाव. पाणी मधल्या डबक्यापुरतं उरलंय, काटकीवर दोन लाल चतुर. शेपूट एकदम उभं, आता दक्षिणेला नाही, सरळ वर. ऑक्टोबरमधला फोटो आणि हा शेजारी शेजारी लावले तर सूर्य कुठं होता ते चतुराच्या शेपटीवरून सांगता येतं. शाळेत गुरुजींना भूगोलाच्या तासाला पण कामाला येतील.

२५ मे

प्रिंट टाकायला दिले, १२ बाय १८, मॅट कागद. चकचकीत कागद भिंतीवर उन्हात नुसता चमकतो आणि काळ्या सावलीतलं काही दिसत नाही. आधी लहान चाचणी प्रिंट काढून बघितले, स्क्रीनवर जे दिसतं त्यापेक्षा सावली कागदावर गडद येते, म्हणून छायेचा भाग थोडा उचलला, पण जमिनीवरची किड्याची सावली तशीच काळी ठेवली.

निवडलेले : दाढीवाली रॉबर फ्लाय उलट्या उन्हात, ढालकिड्याची अळी मावा खाताना, चतुर ऑक्टोबरचा आणि मेचा एकाच कागदावर, पाय ताणलेला टायगर बीटल, बोंडावरचा प्रार्थना कीटक, मुंगीसिंह, विहिरीचा चतुर. प्रत्येकाखाली दोन ओळी मोठ्या अक्षरात, काय खातो आणि कुठल्या पिकात दिसतो. क्रायसोपाच्या अळीचा अजून मनासारखा नाही, अंगावर केरकचरा आणि खाल्लेल्या माव्याची टरफलं चिकटवून फिरणारी पण काही जातींची अळी असते, तशी कापसात सापडते का ते जुलैपासून बघायचं. भिंतीला टांगायच्या खुंट्या आबा देतो म्हणलेत, बाभळीच्या.